दगडावरची नावे, दप्तरातले आकडे

सप्टेंबरच्या सतराव्या तारखेस, पावसाळा अर्ध्याहून अधिक सरलेला असताना, पूर्णेच्या पाण्याला अडवून उभ्या असलेल्या सिद्धेश्वर धरणाच्या सहा किलोमीटरांहून लांब भिंतीवरून जो कोणी सकाळी चालत जाईल, त्याला औंढ्याच्या बाजूने आणि वसमतच्या बाजूने अशा दोन्ही दिशांच्या गावांतून झेंडावंदनाची गाणी वाऱ्यावर तुटक तुटक ऐकू येतील. पंधरा ऑगस्ट होऊन महिना लोटलेला असतो, तरी मराठवाड्यातल्या शाळकरी पोरांना पुन्हा एकदा पांढरे कपडे इस्त्री करून घालावे लागतात, कारण या मुलुखाचे स्वातंत्र्य उर्वरित देशाच्या स्वातंत्र्याहून तेरा महिने मागाहून आले. सिद्धेश्वराचे धरण त्या वेळी नव्हते. ते साठीच्या दशकातले. पूर्णा तेव्हा मोकळी वाहत होती, आणि आज ज्याला आपण हिंगोली जिल्हा म्हणतो, तो 1 मे 1999 रोजी वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग असलेला सारा प्रदेश, हैदराबादच्या निजामाच्या सोळा जिल्ह्यांपैकी एका जिल्ह्याच्या अव्वल तालुकदाराच्या हुकुमतीखाली नांदत होता.

या भागातल्या वृद्धांना सनावळी ठाऊक नसत. त्यांची कालगणना निराळी होती. अमक्याचे लग्न रझाकारीच्या आदल्या साली झाले, तमका पोलीस ॲक्शनच्या वेळी मांडीवर होता, अशा रीतीने ते जन्म आणि मरण मोजीत. पण ‘पोलीस ॲक्शन’ हे दोन इंग्रजी शब्द गावाच्या एका आळीत उच्चारले गेले म्हणजे त्यांचा अर्थ सुटका असा होई, आणि तेच दोन शब्द मशिदीच्या अंगाच्या गल्लीत उच्चारले गेले म्हणजे म्हाताऱ्या बायका पदर तोंडाशी नेत आणि विषय बदलीत. एकाच वेशीच्या आत, एकाच शब्दाचे असे दोन अर्थ का झाले, याचा उलगडा त्या काळच्या स्मारकांपाशी उभे राहून होतो का, हे पाहावे म्हणून मी निजामी राजवटीविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाच्या जागा हिंडत आलो. जे दिसले, आणि जे कोठेच दिसले नाही, त्या दोहोंची ही हकीकत आहे.

हैदराबाद संस्थान म्हणजे लहानसहान जहागीर नव्हे. सुमारे ब्याऐंशी हजार चौरस मैलांचा मुलूख आणि 1941 च्या खानेसुमारीप्रमाणे दीड कोटीच्या वर प्रजा. तीत तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारे लोक, आणि शंभरांत ऐंशीहून अधिक माणसे हिंदू. राज्यकर्त्याचा धर्म आणि प्रजेचा धर्म भिन्न असणे ही हिंदुस्थानच्या इतिहासात नवलाची गोष्ट नव्हती; काश्मिरात याच्या उलट स्थिती होती. परंतु निजामाच्या अमदानीत प्रजेला प्रजा म्हणून बोलण्याचा हक्कच नव्हता. 1929 साली निघालेल्या ‘गश्ती निशान त्रेपन्न’ या परिपत्रकाने सरकारी परवानगीवाचून सभा भरविण्याची बंदी झाली होती, आणि एखाद्या वाचनालयाचा वार्षिक उत्सव करावयाचा तरी तहसिलीत अर्ज घेऊन खेटे घालावे लागत. अशा स्थितीत इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेने ‘अनल मलिक’ म्हणजे प्रत्येक मुसलमान हाच राजा, असा सिद्धान्त मांडला. ज्या गरीब मोमिनाच्या घरी दोन वेळची भाकर नव्हती, ज्या पिंजाऱ्याची तात दिवसभर वाजे तेव्हा कोठे संध्याकाळी चूल पेटे, त्याला या सिद्धान्ताने एक कागदी सिंहासन दिले. आणि पुढे त्या सिंहासनाची किंमत त्यानेच भरली, सिंहासन देणाऱ्यांनी भरली नाही.

1946 पासून या संघटनेची सूत्रे लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाती आली, आणि तिचे स्वयंसेवक दल, म्हणजे रझाकार, गावोगाव दिसू लागले. 15 ऑगस्ट 1947 रोजी दिल्लीत तिरंगा फडकत असताना हैदराबादेत स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. 29 नोव्हेंबर 1947 रोजी निजामाने भारत सरकारशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार केला, परंतु त्या कराराच्या सावलीत जे वर्ष गेले ते मराठवाड्याच्या खेड्यांच्या आठवणीत जाळपोळीचे, खंडणीचे आणि पळापळीचे वर्ष म्हणून राहिले. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड होते, म्हणजे भारत होता. आमच्या भागातली कुटुंबे बैलगाडीत दळण, अंथरूण आणि पोरे घालून रातोरात नदी उतरून तिकडे गेली, आणि त्यांच्याच तरुण मुलांनी उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या ठिकाणी सशस्त्र छावण्या उभारून उलट्या दिशेने नदी ओलांडण्यास आरंभ केला.

या वर्षाची स्मारके शोधावयास फार लांब जावे लागत नाही. वसमतला महाविद्यालयाच्या पाटीवरच हुतात्मा बहिर्जी यांचे नाव आहे. वापटीच्या या शेतकऱ्याने रझाकारांशी लढताना प्राण दिला, आणि आज त्याच्या नावाने पदवीची कागदपत्रे छापली जातात. बिलोलीच्या रस्त्याला अर्जापूर लागते. तेथे 29 ऑक्टोबर 1946 रोजी गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली, म्हणजे देश स्वतंत्र होण्याला अद्याप नऊ-दहा महिने अवकाश होता; मुक्तिसंग्रामाचे पहिले हुतात्मे म्हणून त्यांचा उल्लेख होतो. कल्हाळीस आप्पासाहेब नाईक आणि त्यांचे सोबती गढीच्या आश्रयाने लढले आणि पडले. बिदर जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलुखात पण आजच्या कर्नाटकात, बसवकल्याणजवळच्या गोरटा गावी मे 1948 मध्ये रझाकारांनी जो संहार केला, त्यात दोनशेच्या आसपास माणसे मारली गेली असे सांगतात. त्या गावाचे स्मारक होण्यास मात्र पंचाहत्तर वर्षे लागली, आणि ते 2023 च्या मार्चमध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते खुले झाले. तेलंगणातल्या भैरनपल्लीला 27 ऑगस्ट 1948 रोजी, म्हणजे भारतीय फौज येण्याला अडीच आठवडे उरले असताना, गावकऱ्यांनी बुरुजावरून केलेला प्रतिकार मोडून काढून रझाकार व पोलीस आत शिरले आणि त्यांनी माणसांना ओळीत उभे करून गोळ्या घातल्या.

मराठवाड्यातले हुतात्मा स्मारक एकदा पाहिलेल्या माणसाला पुढचे स्मारक ओळखावयास पाटी वाचावी लागत नाही, कारण 1980 नंतर राज्य शासनाने ती जवळपास एकाच साच्यातून काढली. फरशीचा चौथरा, बसकी इमारत, पुढे स्तंभ, आणि भिंतीत बसविलेल्या फरशीवर कोरून काळा रंग भरलेली नावे. वर्षातून दोन-तीन वेळा चुना लावला जातो, आणि त्या वेळी रंगाऱ्याचा हात चुकला की एखाद्या नावाचा काना किंवा अनुस्वार चुन्याखाली जातो. मग पुढल्या पिढीचे मूल ते नाव चुकीचेच वाचते, आणि पाठीमागे उभा असलेला त्याचा चुलता, ‘तसं नाही, असं आहे ते,’ म्हणून बोटाने चुना खरवडतो. अशा एका ठिकाणी मी बराच वेळ उभा राहिलो. नाव, बापाचे नाव, गाव. याहून अधिक काही त्या फरशीवर नव्हते, आणि त्याहून अधिक काही हवे असेही वाटले नाही. मेलेल्या माणसाला त्याचे पूर्ण नाव परत मिळणे, हा न्यायाचा सर्वांत लहान आणि सर्वांत अगोदर देता येणारा भाग आहे.

आणखी एक नाव या संदर्भात घ्यावयास हवे. हैदराबादेतून ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक काढणारा शोएबुल्ला खान हा तरुण संपादक रझवीच्या राजकारणाच्या विरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहीत असे. ऑगस्ट 1948 मध्ये, रात्री कचेरीतून घरी परतत असताना, मारेकऱ्यांनी त्याला गाठून गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. म्हणजे रझाकारी ही ज्यांच्या नावाने चालली, त्यांतल्याही विरोधकाला तिने सोडले नाही. हे नाव शाळेच्या भाषणांत कधीमधी येते. येते तेव्हा वक्ता पुढच्या वाक्याला घाईने वळतो, कारण पुढचे वाक्य बोलावयास सोपे असते.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गाच्या बाजूने आणि इतर दिशांनी आत शिरल्या. हीच ती ‘पोलीस ॲक्शन’; पाच दिवसांत सारे आटोपले. 17 तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली, 18 तारखेस त्याच्या सेनापतीने मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शस्त्रे खाली ठेवली, आणि चौधरी लष्करी प्रशासक झाले. रझवीला अटक झाली, खटला चालला, शिक्षा झाली; 1957 मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला आणि 1970 मध्ये कराचीत मेला. शाळेतला इतिहासाचा धडा येथे संपतो, स्मारकाच्या फरशीवरच्या तारखाही बहुधा येथेच संपतात, आणि म्हणूनच, गल्लीतल्या त्या म्हाताऱ्या बायका पदर तोंडाशी का नेत, याचे उत्तर फरशीवर मिळत नाही. ते उत्तर एका दप्तरात होते.

फौज पुढे गेली आणि तिच्या मागे, कित्येक ठिकाणी तिच्या डोळ्यांदेखत, सूड उगवला गेला. दिल्लीपर्यंत पोहोचलेल्या बातम्या इतक्या होत्या की पंतप्रधान नेहरूंना दुर्लक्ष करवेना. तीन माणसांचे एक सद्भावना मंडळ हैदराबादेस गेले. प्रमुख होते पंडित सुंदरलाल, ज्यांचा ‘भारत में अंग्रेज़ी राज’ हा ग्रंथ इंग्रज सरकारने जप्त केला होता. सोबत होते ‘पयाम’ या उर्दू वृत्तपत्राचे माजी संपादक काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. 29 नोव्हेंबर 1948 रोजी ते हैदराबादेत उतरले आणि 21 डिसेंबर रोजी दिल्लीस परतले. या तीन आठवड्यांत त्यांनी सोळांपैकी नऊ जिल्हे, सात जिल्ह्यांची ठाणी, एकवीस कसबे आणि तेवीस मोठी खेडी प्रत्यक्ष पाहिली, आणि ज्या एकशे नऊ खेड्यांत त्यांना जाता आले नाही तेथल्या पाचशेहून अधिक माणसांच्या जबान्या घेतल्या.

त्यांच्या अहवालातला अंदाज असा की संपूर्ण संस्थानात, हात आखडता घेऊन मोजले तरी, पोलीस कारवाईच्या दरम्यान व तिच्यानंतर सत्तावीस हजार ते चाळीस हजार माणसे प्राणास मुकली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक होरपळले, आणि केवळ या चार जिल्ह्यांत किमान अठरा हजार माणसे मारली गेली असे मंडळाने लिहिले. चारांपैकी दोन आज महाराष्ट्रात आहेत. नांदेड तर आमच्या शेजारचा जिल्हा, पूर्णेचे पाणी गोदावरीला मिळून जिकडे वाहते तिकडचा. लातूर हे रझवीचे गाव, आणि कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी बाजारपेठ. तेथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. गावात सुमारे दहा हजार मुसलमान वस्ती होती; मंडळ पोहोचले तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते, हजाराहून अधिक मारले गेले होते आणि बाकीचे जीव घेऊन पळाले होते.

अहवालाच्या सोबत जोडलेल्या गोपनीय टिपणात एक विहीर आहे. मंडळाला अनेक ठिकाणी प्रेते कुजत पडलेल्या विहिरी दाखविण्यात आल्या. त्यांतल्या एकीत त्यांनी वरून वाकून पाहिले आणि मोजले, तर अकरा प्रेते निघाली, आणि त्या अकरांत एक बाई होती, तिच्या छातीला तिचे लहान मूल चिकटलेले होते. सरकारी कागदात असे वाक्य क्वचितच येते, कारण सरकारी कागदाला आकडा पुरतो. तीन वृद्ध गृहस्थ एका बुजलेल्या गावात विहिरीच्या कठड्यावर हात टेकून खाली पाहत आहेत, एक, दोन, तीन असे ओठांतल्या ओठांत म्हणत आहेत आणि अकराशी येऊन थांबत आहेत, हे चित्र डोळ्यापुढे आणले म्हणजे चाळीस हजार हा आकडा मनाला आपोआप कळतो. मराठवाड्यात विहीर ही देवासारखी. विहिरीचे पाणी शेंदण्याला जाताना बायका पाय धुऊन जात. ज्यांनी आपल्याच गावची विहीर अशी बाटविली, त्यांनी पुढची किती वर्षे तिचे पाणी तोंडाला लावले नसेल, याची नोंद कोणत्याही खतावणीत नाही.

परंतु हाच अहवाल वाचताना आणखी दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. पहिली अशी की रझाकारांनी हिंदू प्रजेवर केलेल्या जुलुमाची नोंद त्यांनी टाळलेली नाही. गावोगाव दरमहा वसूल केली जाणारी खंडणी, नकार देणाऱ्यांची लुटालूट आणि जाळपोळ यांचे वर्णन त्याच कागदात आहे. दुसरी अशी की ज्या वेळी शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारले त्याच वेळी शेजाऱ्याने शेजाऱ्याला वाचविलेही. हिंदूंनी मुसलमान कुटुंबांना, त्यांतही बायकांना आणि मुलांना, स्वतःचा जीव धोक्यात घालून घरात लपविले, आणि एकाच धंद्यातल्या माणसांनी, उदाहरणार्थ हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना, बाहेरच्या टोळ्यांपासून राखले, असे मंडळाने कृतज्ञतेने लिहिले आहे. म्हणजे त्या कागदात पीडितांच्या दोन्ही याद्या होत्या आणि तारणहारांचीही होती. एकाच वहीत सारी जमा आणि सारा खर्च मांडणारा असा दुसरा दस्तऐवज या प्रकरणात मला तरी आढळला नाही.

या वेळी जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते, हे तारखा शेजारी मांडून पाहिल्यास एक विलक्षण योग दिसतो. हैदराबादचा प्रश्न सुरक्षा मंडळापुढे 16 सप्टेंबर 1948 रोजी निघाला तो पॅरिसमधल्या पॅले द शायो या वास्तूत. आणि सुंदरलाल मंडळ हैदराबादच्या खेड्यांत जबान्या घेत असताना, 9 डिसेंबर 1948 रोजी, त्याच वास्तूत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वंशसंहाराच्या गुन्ह्याविरुद्धचा करार संमत केला. ‘जेनोसाइड’ हा शब्द त्या वेळी जेमतेम चार वर्षांचा होता. पोलंडचा ज्यू कायदेपंडित राफाएल लेम्किन याने तो 1944 साली घडविला, कारण एखाद्या समूहाच्या नाशाला कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नाव नाही हे त्याला सहन होईना. भारताने त्या कराराला 1959 साली मान्यता दिली. परंतु वंशसंहार हा स्वतंत्र गुन्हा ठरविणारा कायदा आपल्या देशात आजतागायत झालेला नाही.

मराठवाड्यात जे घडले, आधीचे किंवा नंतरचे, ते त्या कराराच्या व्याख्येत अक्षरशः बसते की नाही, हे ठरविण्याचा अधिकार न्यायासनाचा आहे आणि मी ते काम अंगावर घेत नाही. व्याख्येचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो पहिला नाही. कोण मेले, कोठे मेले, कोणाच्या हातून मेले, याचा पंचनामाच झालेला नसेल तर व्याख्या लावावयाची कशाला? अपराध्याला शिक्षा हा न्यायाचा एक अर्थ. परंतु मूळच्या ‘इन्साफ’ या शब्दात ‘निस्फ’ म्हणजे अर्धा हा धातू आहे, आणि दोन बाजूंना समान वाटा देणे असा त्याचा भाव आहे, हे उर्दू जाणणारी माणसे सांगतात. स्मरणाचा वाटाही तसा समान व्हावयास हवा होता.

तो झाला नाही. अहवाल सरकारला सादर झाला आणि, कचेरीच्या भाषेत ज्याला ‘दप्तरी दाखल’ म्हणतात, तसा झाला. तो छापला गेला नाही. त्यावर विधिमंडळात चर्चा झाली नाही. त्याचे उतारे पुढे अभ्यासकांच्या हाती लागले. आणि 2013 साली, म्हणजे पासष्ट वर्षांनी, दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात त्याची प्रत वाचावयास मिळते अशी बातमी जगभर फिरली, आणि ए. जी. नूरानी यांच्या हैदराबादवरील पुस्तकातून तो वाचकांपुढे आला. तोपर्यंत ज्यांच्या जबान्या त्यात होत्या त्यांतली बहुतेक माणसे मातीआड गेली होती. ज्यांनी मारले तीही गेली होती. उस्मानाबाद, लातूर, नांदेड या भागांत त्या हजारो मृतांच्या नावांची फरशी मला हिंडता हिंडता कोठेही दिसली नाही.

इतरांनी काय केले, हे पाहणे या ठिकाणी अप्रस्तुत होणार नाही. जालियनवाला बागेत 13 एप्रिल 1919 रोजी मेलेल्यांची संख्या इंग्रजांच्या हंटर समितीने 379 धरली. काँग्रेसने स्वतःची चौकशी करून ती कितीतरी अधिक असल्याचे दाखविले. बॉस्नियातल्या स्रेब्रेनित्सा येथे जुलै 1995 मध्ये मारलेल्या पुरुषांच्या आणि मुलांच्या नावांचा दगड पोटोचारीच्या दफनभूमीत आहे, त्यावर 8372 हा आकडा कोरला आहे, आणि शेजारी असे दर्शविले आहे की हा आकडा अखेरचा नव्हे; अजूनही सापडलेल्या हाडांची ओळख पटली की जुलैमध्ये नवे दफन होते. रवांडात 1994 साली शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे कापली गेली. तेथे राजधानी किगालीच्या टेकडीवर अडीच लाख मृतांची समाधी आहे, आणि नेहमीच्या न्यायालयांना लाखो आरोपींचे खटले झेपेनात तेव्हा गावकऱ्यांनी गवतावर बसून चालविलेल्या ‘गचाचा’ पंचायतींनी दहा वर्षे ते काम केले. त्या पंचायतींचे दोषही पुष्कळ सांगितले जातात. पण पारावर बसून न्याय करण्याची कल्पना ज्या देशाच्या रक्तात आहे, त्या आपल्या देशात एकाही पारावर 1948 च्या सप्टेंबरचा जाब विचारला गेला नाही, हे खरे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो यावयासच हवा. रझाकारांनी आधी मारले, सूड मागाहून आला. दोन्ही एका पारड्यात घालणे म्हणजे मुक्तिसंग्रामाचा अपमान नव्हे काय? मला तसे वाटत नाही. कारण आणि कार्य यांचा क्रम कोणी बदलू शकत नाही, आणि निजामी राजवट हटविणे न्याय्यच होते याविषयी मनात तिळमात्र संदेह नाही. आमच्याच जिल्ह्याचे पुत्र, कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर यांनी हैदराबादच्या विमोचनावर लिहिले, तेव्हा त्यांनी हा लढा सरंजामी सत्तेविरुद्धचा लोकशाहीचा लढा म्हणून पाहिला. लोकशाहीचा लढा जिंकलेल्या माणसाला आपल्या विजयाच्या दुसऱ्या दिवशी काय घडले हे सांगताना संकोच वाटता कामा नये. उलट, ज्याला ते सांगता येत नाही त्याचा विजय अजून त्याला पचलेला नाही, असे समजावे. पानसऱ्यांची फरशी खरी आहे, म्हणून विहिरीतली बाई खोटी ठरत नाही. आणि विहिरीतली बाई खरी आहे, म्हणून गोरट्याच्या मृतांचा एकही श्वास परत येत नाही. दोन्ही ठिकाणी मारला गेला तो बहुतेक वेळा नांगर, माग, पिंजण किंवा तराजू धरणारा माणूस होता. राजवाड्यातले आणि बंगल्यातले फारसे मेले नाहीत. निजाम तर पुढे राजप्रमुख झाला.

यंदाच्या मुक्तिदिनाला मी धरणाच्या भिंतीवरून उतरून गावात आलो तेव्हा झेंडावंदन आटोपले होते, मुलांच्या हातात खाऊच्या पुड्या होत्या, आणि फळ्यावर खडूने ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ असे लिहून खाली हुतात्म्यांची नावे मांडली होती. एक पोरगा ती नावे मोठ्याने वाचत होता आणि दुसरा त्याच्या चुका काढीत होता. ही नावे फळ्यावर आहेत ही मोठी गोष्ट आहे; पण फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर जागा बरीच मोकळी होती.

1948 साली जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या आसपास आले. गावोगाव अशी दोन-चार माणसे अजून आहेत. पुढल्या काही वर्षांत तीही राहणार नाहीत. शासनाने फरशी बसवावी, चौकशी करावी, अहवाल मराठीत छापून प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावा, हे सारे मागावयाचेच आहे. तोवर प्रत्येक ग्रामपंचायतीने एक साधी वही करावी. तिच्यात रझाकारीत मेलेल्यांची नावे लिहावी, पोलीस ॲक्शनमध्ये मेलेल्यांची लिहावी, आणि ज्यांनी कोणाला धान्याच्या कणगीत किंवा कडब्याच्या गंजीत लपवून जगविले त्यांचीही लिहावी; प्रत्येकापुढे बापाचे नाव आणि गाव घालावे; आणि दर सतरा सप्टेंबरला झेंडा चढल्यावर ती वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, कोणतेही नाव न गाळता, मोठ्याने वाचावी.